बडोद्यातलं जपानी ग्रिल: सजावट चोख, आच कच्ची

लग्नाचा वाढदिवस जरा वेगळ्या जेवणाने साजरा करायचा, तर बडोद्यात आता जपानी ग्रिलचाही पर्याय आहे. शहराच्या पश्चिमेकडच्या नव्या वस्तीतल्या या रेस्टॉरंटने त्यासाठी खास पॅकेज काढलंय. दोघांचे ४,८०० रुपये. त्यात टेबलाची सजावट, अर्धा किलोचा केक, सूप, कोळशावर भाजलेल्या सहा काड्या, समोर तव्यावर करून दिलेलं मुख्य जेवण, भात आणि आईस्क्रीम. हा रिव्ह्यू चार जणांच्या टेबलाचा आहे: दोन शाकाहारी, दोन मांसाहारी, म्हणजे दोन पॅकेजं. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, शनिवारची रात्र, साडेआठचं बुकिंग.

निकाल आधीच सांगून टाकतो. सजावट सुरेख होती, वेटर मनापासून राबत होते आणि जेवण फसलं. जपानहून येणारं सामान महाग पडतं किंवा गुजरातमध्ये दारूबंदी आहे, ही कारणं इथे लागू होत नाहीत. आच आणि वेळ या दोन गोष्टी कुणी सांभाळल्या नाहीत, आणि ग्रिलच्या जेवणात या दोन गोष्टी गेल्या की बाकी काही उरत नाही.

इथे ग्रिलचे दोन प्रकार आहेत. काउंटरपाशी कोळशाची लांब, अरुंद शेगडी आहे. तिच्यावर याकितोरी होते, म्हणजे बांबूच्या काडीवर ओवलेलं चिकन, आणि तशाच काड्यांवर भाज्या. हॉलमध्ये जाड लोखंडी पाट बसवलेली टेबलं आहेत, तिथे शेफ पाहुण्यांसमोर उभा राहून तेप्पान्याकी करतो. कोळशाच्या पानावर मेन्यूकार्डात ठळक अक्षरांत ‘बिंचोतान’ असं लिहिलंय, आणि तिथूनच तक्रार सुरू होते.

बिंचोतान जपानच्या वाकायामा भागात उबामे जातीच्या ओकपासून करतात. भट्टीत लाकूड सावकाश जाळत नेतात, शेवटच्या टप्प्यात हवा आत सोडून तापमान १,००० अंशांच्या आसपास चढवतात, आणि लालबुंद कोळसा बाहेर ओढून राख-मातीच्या ओलसर मिश्रणाखाली विझवतात. म्हणून तो पांढुरका दिसतो, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की धातूसारखे खणखणतात. एकदा पेटला की ज्वाळ नाही, धूर जवळजवळ नाही, आणि तासन् तास एकसारखी आच. त्या आचेत चिकनचा वरचा थर झटकन भाजला जातो आणि आतला रस टिकतो. या कोळशाचे जास्तीचे पैसे द्यायचे ते याच्यासाठी.

शेगडीत प्रत्यक्षात काळा, हलका, तडतडणारा कोळसा होता. कच्छमध्ये वेड्या बाभळीचा कोळसा मोठ्या प्रमाणावर होतो, त्याच धाटणीचा. बाभळीचा कोळसा वापरण्यात काही गैर नाही, नीट वापरला तर त्यावर उत्तम याकितोरी होते. पण मग कार्डावर बिंचोतान लिहू नये, आणि जो कोळसा हातात आहे त्याचे नियम पाळावेत. पेटवल्यावर पहिली २०-२५ मिनिटं तो धुरतो. प्रत्येक तुकड्यावर करडी राख चढली, ज्वाळ बसली, की मगच काडी ठेवायची. तो लवकर जळून जातो, त्यामुळे पुढचे निखारे बाजूच्या वेगळ्या शेगडीत तयार करत राहावं लागतं. इथे ती दुसरी शेगडीच नव्हती. गर्दी वाढली तसा कच्चा कोळसा थेट निखाऱ्यांवर टाकला जात होता, आणि तेही काड्या वर असताना. अर्धवट पेटलेल्या कोळशाचा धूर कडवट असतो, तो कडवटपणा पहिल्या सगळ्या काड्यांना होता. खरा बिंचोतान असता तर ही पद्धत आणखी नडली असती. त्याला जोरदार आचेवर अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो, घाईने तापवला तर तो फुटतो आणि ठिणग्या उडतात.

आता काड्यांकडे येऊ. मोमो म्हणजे कोंबडीच्या मांडीचं मांस. त्याचे २ ते २.५ सेंटीमीटरचे तुकडे, एका काडीवर चार किंवा पाच, एकमेकांना चिकटून ओवायचे. फट ठेवली की मधला बांबू जळतो आणि तुकड्यांच्या कडा सुकतात. अशी काडी ३५-४० ग्रॅमची भरते आणि सारखी फिरवत राहिलं तर ५ ते ७ मिनिटांत होते. इथे मांडीऐवजी छातीचं मांस होतं, जवळजवळ ४ सेंटीमीटरचे ठोकळे, मध्ये बोटभर फटी. छातीच्या मांसाला चरबी फारशी नसते. तेवढा ठोकळा आतपर्यंत शिजेस्तोवर बाहेरून चामट होणारच. छातीचंच द्यायचं असेल तर आतला नाजूक पट्टा असतो, जपानी लोक त्याला सासामी म्हणतात, तो घ्यावा आणि शिजल्याबरोबर उतरवावा. ठोकळे कापण्यामागे एकच हिशेब दिसतो: काडी मोठी दिसली की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. याकितोरीत मोठं काही हवं असतं कुणाला?

नेगिमात चिकनच्या तुकड्यांमध्ये कांद्याची पात असते. जपानी पात अंगठ्याएवढी जाड आणि पांढरी. खंडेराव मार्केटात मिळते ती आपली पात बारीक, ती दोन मिनिटांत करपते. इथे ती करपलीच होती. यावर सोपा उपाय लीक, म्हणजे जाड दांड्याची, पातीसारखीच भाजी. मोठ्या भाजीवाल्यांकडे तो आता मिळतो, आणि त्याचे ३ सेंटीमीटरचे तुकडे चिकनबरोबरच मऊ होतात, गोडही लागतात.

सुकुनेबाबत मात्र नुसती नाराजी पुरेशी नाही. हे खिम्याचे गोळे. तीनपैकी दोन मध्यभागी कच्चे होते, गुलाबी आणि गिळगिळीत. अख्ख्या तुकड्यापेक्षा खिम्यात हा धोका जास्त, कारण पृष्ठभागावरचे जंतू दळताना आतपर्यंत मिसळतात. चिकनच्या मध्यभागी ७४ अंश गाठायलाच हवेत. सुकुने करताना बरेच जण गोळे आधी पाण्यात हलके उकडून घेतात आणि मग फक्त रंग-चवीसाठी निखाऱ्यावर धरतात. गर्दीच्या रात्री तर हाच मार्ग सुरक्षित. शिवाय खिमा वजनाच्या १ टक्का मीठ घालून हाताला चिकटेपर्यंत मळला नाही तर गोळा काडीवर धरत नाही. इथले गोळे फुटून अर्धे शेगडीत पडले होते. काड्या परत पाठवल्यावर बदलून मिळाल्या, पण २५ मिनिटांनी, आणि त्या बाहेरून कोळसा झालेल्या होत्या. जळक्या काड्या आणि कच्चं पोट, या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच: ज्वाळा उठत होत्या आणि निखारे नव्हते.

त्यात भर तारेची. तारे म्हणजे याकितोरीला लावायचा गोडसर सॉस. त्यात साखर असते, त्यामुळे तो सुरुवातीला लावला की मांस शिजण्याआधी सॉस जळतो. काडी ऐंशी टक्के झाली की सॉसमध्ये बुडवायची, अर्धा मिनिट भाजायची, पुन्हा बुडवायची, असं दोन-तीनदा. प्रत्येक वेळी पातळ थर बसतो आणि चकाकी येते. इथे कच्चं मांसच तारेत मुरवून आणलं होतं.

तारे स्वतः पातळ, खारट आणि सपाट. विचारल्यावर कारण सांगितलं गेलं ते दारूबंदीचं: साके (तांदळाची दारू) आणि मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड दारू) वापरता येत नाही. अर्धी गोष्ट खरी आहे. १९६० मध्ये राज्य झालं तेव्हापासून गुजरातमध्ये दारूबंदी आहे, आणि खऱ्या मिरिनमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. पण मिरिनसारखी चव देणारं, एक टक्क्याहून कमी अल्कोहोलचं मसाला-द्रव्य जपानमध्येच सर्रास विकलं जातं. तेही नको असेल तर सरळ हिशेब करावा. मिरिन तारेला गोडी देतं, चकाकी देतं आणि सॉस मांसाला चिकटवतं. २०० मिलिलिटर सोया सॉस, १५० मिलिलिटर पाणी, ८० ग्रॅम साखर, बोटभर आल्याच्या चकत्या, पातीचा हिरवा भाग, कोंबू या समुद्री शेवाळाचा एक तुकडा, आणि निखाऱ्यावर लालसर भाजलेली पंखांची हाडं. हे सगळं मंद आचेवर ठेवावं, उकळी येण्याआधी कोंबू काढून घ्यावा, आणि दोन तृतीयांश उरेपर्यंत आटवावं. चकाकीसाठी दोन चमचे लिक्विड ग्लुकोज, ते केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. शाकाहारी तारेत हाडांऐवजी सुके शिइताके मशरूम. यात परवाना लागेल असं काही नाही.

तेप्पान्याकीकडे वळताना एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कांद्याच्या चकत्यांची चवड रचून तिच्यातून ज्वाळा काढणं, अंडं उलथन्यावर झेलणं हे सगळं पाहायला पाहुण्यांना आवडतं, टेबलावरची मंडळी हसली, टाळ्या वाजल्या. कोबेमध्ये मिसोनो या रेस्टॉरंटने १९४५ मध्ये लोखंडी पाटावर स्टेक भाजायला सुरुवात केली, तिथून ही पद्धत पसरली. कसरतींचा भाग मात्र अमेरिकेत फोफावला, १९६४ मध्ये न्यूयॉर्कला बेनिहाना उघडल्यानंतर. खेळ असावा, पण खेळ चालू असताना पाट तापत राहिला पाहिजे आणि जेवण थांबलं पाहिजे. इथे उलट झालं: भाज्या, पनीर आणि कोळंबी पाटावर पडली आणि मग खेळ सुरू झाला.

लोखंडी पाट चांगला १६ ते २० मिलिमीटर जाडीचा असतो, कारण गार जिन्नस पडला तरी त्याची उष्णता टिकावी. बर्नर मधोमध असतो. मध्यभागी २०० ते २२० अंश, कडेला कमी. भाजायचं मध्यावर आणि ठेवायचं कडेला. भाकरी टाकण्याआधी तव्यावर पाण्याचा शिपका मारून बघतात, तीच परीक्षा इथे लागू: थेंब नाचले पाहिजेत, पसरता कामा नयेत. चार जणांच्या भाज्या, जवळजवळ एक किलो, एकदम ओतल्या की कितीही जाड पाट थंड होतो. मशरूममध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणी. ते सुटलं की उडून जाईपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तपकिरी रंग व खमंगपणा यायला १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणून बशीत आलेले मशरूम करडे, सिमला मिरची उकडलेली, आणि मोड आलेले मूग त्याच पाण्यात लिबलिबीत झालेले. मशरूम आधी, थोडेसे, एकमेकांना न चिकटता, तीन मिनिटं अजिबात न हलवता. मग कांदा, मग मिरची, मूग अगदी शेवटी चाळीस सेकंद. हा क्रम पाळायला वेगळा खर्च येत नाही.

लोणी पहिल्याच मिनिटाला टाकल्याने त्यातला दुधाचा अंश जळून काळे ठिपके पडले. सुरुवात तेलाने करावी, लोणी उतरवताना. लसणाच्या चकत्या गार तेलात टाकून तापवत न्याव्या लागतात आणि फिक्या सोनेरी असतानाच काढाव्या लागतात, कारण काढल्यावरही त्या गडद होत राहतात. इथल्या कडू होत्या.

पनीर जपानी नाही म्हणून नाक मुरडण्याची गरज नाही. बडोद्यात ते लागणारच, आणि पाटावर ते छान भाजलं जातं. टोफू मात्र दाबून पाणी न काढता टाकला होता. वजनाखाली अर्धा तास ठेवला असता तर कडा कुरकुरीत झाल्या असत्या. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) लावलेल्या वांग्याच्या फोडी, जपानीत नासू देंगाकू, हा शाकाहारी माणसासाठी या जेवणातला सगळ्यात मानाचा पदार्थ. वांगं उभं चिरून, गरावर आडव्याउभ्या चिरा देऊन, तेल लावून पूर्ण मऊ करायचं, आणि मिसो फक्त शेवटची दोन-तीन मिनिटं. इथे भरताचं जाडजूड वांगं घेतलं होतं, मिसो आधीच फासलेला. मिसो काळा झाला आणि गर दाताखाली कचकचला.

शाकाहाराबद्दल याहून गंभीर मुद्दा आहे. मिसो सूप कार्डावर हिरव्या ठिपक्यासह छापलंय. जपानी सूपचा पाया दाशी, आणि नेहमीची दाशी सुकवलेल्या बोनिटो माशाची असते. मागितल्यावर आतून दाशी पावडरचं पाकीट आणून दाखवलं गेलं: घटकांत बोनिटो, आणि आयातदाराच्या लेबलवर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण. सूप तसंच परत गेलं. ज्या शहरात अर्धं टेबल शाकाहारी असण्याची शक्यता रोजची आहे, तिथे ही चूक अक्षम्य आहे. कोंबू आणि सुके शिइताके रात्रभर गार पाण्यात भिजवले की शाकाहारी दाशी तयार होते, लिटरभर पाण्याला दहा-दहा ग्रॅम पुरे. तव्यावरही हाच निष्काळजीपणा. कोळंबी परतलेलं उलथनं पुसून लगेच पनीरला लागलं. पाटाचे दोन भाग करणं आणि दोन उलथनी ठेवणं एवढंच करायचं होतं. सांगितल्यावर शेफने दिलगिरी व्यक्त केली आणि पाट खरवडून पुन्हा सुरुवात केली, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

सामन माशावर पांढरे साकळलेले थेंब आले होते, म्हणजे तो गरजेपेक्षा जास्त शिजला. तीन चतुर्थांश वेळ कातडी खाली ठेवून भाजला आणि मध्यभागी ५२-५५ अंशांना उतरवला तर तो रसाळ राहतो. भात बासमतीचा, सुटासुटा, चॉपस्टिक्सनी उचलणं अशक्य. जपानी तांदूळ परवडत नसेल तर आपला इंद्रायणी जवळचा. धुऊन अर्धा तास भिजवायचा, शिजल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवायचा.

वेळेचं गणितही बिघडलं. सूप, काड्या आणि तव्यावरचं जेवण सव्वानऊच्या सुमारास एकाच वेळी टेबलावर, आणि त्याआधी पाऊण तास काही नाही. काडी शेगडीवरून उतरल्यावर दोन-तीन मिनिटांत खायची असते. केक, गुलाबाच्या पाकळ्या, फोटो यांसाठी मात्र माणूस हजर होता. केक ताजा होता, आईस्क्रीम ठीक.

बिलात दोन पॅकेजांचे ९,६०० आणि वरच्या पदार्थांचे २,१५० मिळून ११,७५० झाले. त्यावर न विचारता १० टक्के सेवाशुल्क, आणि मग सगळ्यावर ५ टक्के जीएसटी. म्हणजे सेवाशुल्काचे १,१७५ आणि त्यावरच्या कराचे ५८.७५ असे १,२३३.७५ रुपये जास्तीचे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम केल्या. सांगितल्यावर शुल्क काढलं आणि बिल १२,३३७.५० झालं. न काढल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

चांगलं काय होतं? याकी ओनिगिरी, म्हणजे भाताचा त्रिकोणी गोळा, सोया सॉसचा हात फिरवून भाजलेला. तो वेगळ्या, चिकट तांदळाचा होता. बाहेरून खरपूस, आतून मऊ, आणि उशिरा आला तोवर शेगडीतले निखारे खरोखरच तयार झालेले. एरिंगी मशरूमची काडीही त्याच वेळची, तीही अप्रतिम. म्हणजे हात आहे, सामानही आहे, आणि म्हणूनच राग जास्त येतो: ज्या स्वयंपाकघराला दहा वाजता असं भाजता येतं, त्याने सव्वानऊला पंचविसाव्या वाढदिवसाच्या टेबलावर जळकं-कच्चं का वाढावं? शेगडी साडेसातला पेटवली असती तर ही रात्र वेगळी झाली असती.

तरीही जायचं असेल तर पॅकेज घेऊ नये, सुटे पदार्थ मागवावेत: ओनिगिरी, एरिंगी, आणि चिकन हवंच तर मीठ लावलेले पंख, कारण त्यांना तारे लागत नाही आणि चरबीमुळे ते सुकत नाहीत. खिम्याचे गोळे टाळावेत. बुकिंग करतानाच शाकाहारी दाशी आणि वेगळं उलथनं यांबद्दल विचारून घ्यावं, आणि तव्याच्या शेफला दोन जणांचं एका वेळी करायला सांगावं. हॉलमधलं सजवलेलं टेबल नको, काउंटरच्या खुर्च्या मागाव्यात. तिथून शेगडी समोर दिसते, आणि कोळशावर राख चढलेली नसेल तर काड्यांची ऑर्डर पंधरा मिनिटं थांबवता येते.